पाणी गेलेली सुरी

मित्रांनो, मी एका मचव्यावरची जुनी सुरी आहे. वय विचाराल तर पंधरा पावसाळे. माणसाला पंधरावे वर्ष म्हणजे मिसरूड फुटायचे वय, पण खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या सुरीला ते म्हातारपण. माझ्यामुळे एका भल्या माणसाचे फार मोठे नुकसान झाले. ते होणार हे मला आधी कळले होते. पण सुरीला तोंड नसते आणि पायही नसतात. म्हणून आज ते सारे तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म हातखंब्याच्या तिठ्यावर, रामा लोहाराच्या भट्टीत झाला. साल एकोणीसशे बावीस. एका मोडक्या टांग्याच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पोलाद तोडून रामाने त्यातून माझे पाते ठोकून काढले. त्याची बायको गोदूबाई भाता ओढत असे. घण रामाचा, पण नजर गोदूबाईची, असे तिठ्यावरचे लोक म्हणत.

पाते घडले म्हणजे सुरी झाली असे नाही. आम्हाला पाणी द्यावे लागते. लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवले की पोलाद काचेसारखे कडक होते. मग त्याला पुन्हा हलकेच शेकायचे. शेकताना पात्यावर आधी सुक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, आणि तसेच ठेवले तर तो निळा होतो. पिवळ्यावर काढले तर धार वर्षानुवर्षे टिकते. निळ्यावर गेले की पोलाद मऊ पडले, त्याचे पाणी गेले.

रामा मला चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवत होता.

"काढू?" त्याने विचारले.

"थांबा," गोदूबाई म्हणाली. भाता सोडून ती माझ्यावर वाकली होती. "थांबा... आता काढा!"

त्या "आता" वर माझे सगळे आयुष्य ठरले, मित्रांनो. रामाने मला फणसाच्या लाकडाची मूठ बसवली आणि धाकू तांडेलाच्या हातात दिले.

धाकू तांडेल भाट्याच्या खाडीकाठी राहत असे. त्याचा एक मचवा, म्हणजे मालाचे शिडाचे लहान गलबत, होता. नारळ, कौले, लाकूडफाटा भरून तो मुंबईला जाई आणि तिकडून घासलेट, साखर, कापड घेऊन येई. मचव्यावर सुरीचे काम म्हणजे मुख्यतः दोर. काथ्याचा दोर भिजला की फुगतो, गाठ सुटत नाही, आणि समुद्र काही गाठ सुटेपर्यंत वाट बघत नाही. धाकूने मला कमरेला बांधले ते दहा वर्षे सोडले नाही. भाजी चिरायला सुद्धा तो मला देत नसे. त्याची बायको मैना एकदा म्हणाली, "एवढी काय ती सुरी! घरातली विळी मोडली तरी तुमी ही देत नाय."

"विळी मोडली तर जेवान उशिरा होईल," धाकू म्हणाला. "ही मोडली तर मी घरी येनार नाय."

पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढून ठेवला की धाकू मला खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवी. नारळी पौर्णिमा जवळ आली की मला घेऊन तो हातखंब्याची वाट धरी. पुढे रामा लोहार तापाने गेला. भट्टी एकट्या माणसाची नसते. एकाने भाता ओढायचा, दुसऱ्याने घण घालायचा. गोदूबाईने भट्टी बंद केली आणि ती रत्नागिरीला भावाच्या आश्रयाला आली. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका माडाखाली, दोन दगड आणि पाण्याचे एक मडके घेऊन ती बसू लागली. एक दगड खरखरीत, एक मऊ. लोक तिच्याकडे गंजलेल्या कोयत्या, दाते पडलेल्या विळ्या, मुठी निसटलेल्या सुऱ्या आणून टाकत. ती आमसुलाचे पाणी आणि राख लावून काथ्याने गंज काढी, मग दगडावर पाणी शिंपडून सावकाश पाते घाशी. मध्येच थांबून पात्यावर बोट ठेवी. पाते बोटाला ऊन लागले की पुन्हा पाणी. तिच्या हाताखाली मी कधी तापले नाही.

एकदा दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी एका मासेमारी होडीचे सुकाणू जाळ्यात अडकले. भरती होडीला खडकाकडे लोटत होती आणि होडीत पाच माणसे होती. धाकूने मला दातात धरून उडी मारली आणि पाण्याखाली तीन वेळा जाऊन सगळे जाळे कापून काढले. त्या रात्री किनाऱ्यावर माझे केवढे कौतुक झाले! धाकू एवढेच म्हणाला, "सुरीला कशाला, गोदूबायच्या हाताला नमस्कार करा." मला वाटले, आपले आयुष्य असेच जाणार.

पण धाकूला हिवताप लागला. पोटातली पाणथरी वाढून पोट फुगले, पाय काड्यांसारखे झाले. मचवा त्याच्या धाकट्या भावाकडे, केरूकडे आला आणि मचव्याबरोबर मीही आले.

केरू वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. हसतमुख, हाताचा सढळ, वादळात गाणी म्हणणारा. खलाशांचा तो लाडका होता. फक्त वस्तूची कदर त्याला नव्हती. त्याने माझ्याने घासलेटच्या डब्यांची झाकणे उचकटली. फळ्यांतले खिळे काढले. तळाचे डांबर खरवडले. काम झाले की मला तिथेच टाकून देई, आणि मी मचव्याच्या तळाच्या खाऱ्या पाण्यात दिवसचे दिवस पडून राही. दोन पावसाळे मी तसेच काढले, तेलाविना, फडक्याविना. पाते तांबूस झाले, मग काळे. धारेला चार दाते पडले. मूठ हलू लागली. हाक मारता आली असती तर मी धाकूला हाक मारली असती. तो तर शंभर पावलांवर, आपल्या बाजेवर पडून होता.

एकोणीसशे चौतीस साली नारळी पौर्णिमा झाल्यावर केरूने मचवा पाण्यात लोटला. निघायच्या दोन दिवस आधी धाकूने मला बघायला मागितले. हातात घेऊन त्याने दात्यांवरून अंगठा फिरवला.

"केरू," तो म्हणाला, "ही घेऊन आताच्या आता गोदूबायकडं जा."

गोदूबाईने मला उलटेसुलटे पाहिले. दाते मोजले.

"चार दिस ठेव," ती म्हणाली.

"काकी, परवा ओहोटीला निघायचंय."

"मग दुसरी ने, बाबा. हिचं पोट, आतलं पोलाद, अजून चांगलं हाय, घाई केलीस तर तेबी जाईल."

केरू हसला आणि मला घेऊन सरळ बाजारात गेला. तिथे गंगाराम नुकताच मुंबईहून परतला होता. गिरणीच्या वर्कशॉपात काही वर्षे काम करून त्याने पायाने फिरवायचे एक चाक आणले होते. चाकाला सुरी टेकली की ठिणग्यांचे कारंजे उडे, आणि ते बघायला माणसे गोळा होत. गंगाराम तरुण होता, हुशार होता, आणि लोक बघत असले की त्याचा पाय जास्तच जोरात चाले.

"दाते किती खोल आहेत बघ," केरू म्हणाला. "जमेल?"

"विडी संपायच्या आत देतो," गंगाराम म्हणाला.

मित्रांनो, त्या चाकाजवळ पाण्याचे मडके नव्हते. गंज उडाला, दाते गेले, लोक "वा वा" म्हणत होते, आणि मी तापत होते. धारेवर आधी पिवळा रंग चढला. मला वाटले, आता हा थांबेल. आता तरी. कोणीतरी "काढा!" म्हणेल. पण ती बाई तिथून दूर, माडाखाली बसली होती. पिवळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा जांभळा, आणि मग टोकापासून मुठीपर्यंत निळी रेघ सरसर धावत गेली. गोदूबाईने दिलेले पाणी बारा वर्षांनी माझ्यातून निघून गेले, आणि भर बाजारात ते कोणालाच दिसले नाही.

गंगारामला मात्र तो रंग दिसला. त्याने क्षणभर भुवया आवळल्या. मग चिंधीवर पावडर घेऊन त्याने ती निळी झाक पुसून टाकली. मी आरशासारखी चकाकू लागले. केरूने मनगटावरचे केस माझ्याने सपकन काढून दाखवले. मऊ पोलादालाही पहिली धार छान येते. ती टिकत नाही एवढेच.

धाकूनेही बाजेवरून मला पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "आता बरी दिसते," तो म्हणाला. मी त्याच्या तळहातावर होते. दहा वर्षे ज्याच्या कमरेला राहिले त्यालासुद्धा मला सांगता आले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी केरू गोदूबाईच्या माडाजवळून चालला होता. त्याने मला उंच धरून चमकवले.

"बघ गो काकी! तू चार दिस म्हनत होतीस."

"आन हिकडं," ती म्हणाली. तिने माझ्या पात्यावर नखाने टिचकी मारली आणि कान लावला. मग धार नखावर हलकेच दाबली. तिचा चेहरा बदलला.

"केरू, हिचं पाणी गेलंय. ही नेऊ नको."

"अगो, आताच केस काढले हिनं!"

"केस काढील. दोर कापनार नाय. थांब, मी माजी देते, घरात हाय—"

पण ओहोटी लागली होती आणि खलाशी हाका मारत होते. "आल्यावर बघू," म्हणून केरूने मला तिच्या हातातून घेतले आणि तो धावत सुटला.

मचवा खाडीच्या तोंडाशी पोचला तेव्हा मी मागे पाहिले. वाळूवरून मैना धावत येत होती. पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरून ती हात हलवू लागली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. ती ओरडत होती, पण वारा किनाऱ्याकडे होता.

"वैनी निरोप द्यायला आली बघ," केरू म्हणाला आणि त्यानेही हसून हात हलवला.

त्या फडक्यात गोदूबाईने मैनेकडे धाडलेली तिची स्वतःची सुरी होती, हे त्याला महिन्याने कळले. मला तेव्हाच कळले होते.

मचव्यावर चौघे होते. केरू, दोन खलाशी, आणि लवू. लवू वयाने सगळ्यांत मोठा, धाकूच्या वेळचा. मचव्यावरच्या प्रत्येक दोराची गाठ त्याच्या हातची. घरी त्याची बायको विमला, आणि पोटी मूलबाळ नाही. मचवा नारळांनी भरला होता. जयगड मागे पडले आणि दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळे झाले. पहिलाच झोत असा आला की मचवा एका अंगावर कलला आणि पाणी काठावरून आत येऊ लागले.

"शीड सोड!" केरू ओरडला.

लवूने खुंटीवरचा दोर सोडायला हात घातला. भिजलेला दोर फुगून घट्ट बसला होता. तेवढ्यात दुसरा झोत आला, शिडाने दोराला हिसका दिला, आणि दोराचा वेढा लवूच्या उजव्या मनगटावर आवळला. हात खुंटीला चेपला गेला. शीड वाऱ्याने फुगलेलेच होते आणि मचवा आणखी कलत होता.

"काप रे केरू!" लवू म्हणाला. तो ओरडला नाही. "काप लवकर."

केरूने मला काढले आणि दोरावर टेकवले. पहिल्या ओढीला दोन पदर तुटले. माझ्या अंगात जेवढे होते तेवढे मी त्या दोन पदरांना दिले. तिसऱ्या पदरावर माझी धार दुमडली. कागदाची कड दुमडावी तशी. केरू मला पुढेमागे ओढत होता आणि मी दोरावरून नुसती घसरत होते.

"कापत नाय ही!" केरूचा आवाज फाटला. "लवूदादा, ही कापत नाय!"

"मग हात काप माजा," लवू म्हणाला. "मचवा जातोय. चौगं जातील."

केरूने माझ्याकडे पाहिले. त्याला ते करता आले नसते, आणि त्याने केले असते तरी मला जमले नसते. त्याने मला फेकले आणि दोराला दात लावले. दोघे खलाशी नारळांखाली गाडलेली कुऱ्हाड काढायला नारळ समुद्रात फेकत होते. मी फळीवर पडून सगळे पाहत होते. पडल्या जागेवरून तो दोर माझ्यापासून चार बोटे लांब होता. चार बोटे, मित्रांनो.

कुऱ्हाड सापडली. दोन घावांत दोर तुटला, शीड फडफडत सुटले आणि मचवा सरळ झाला. चौघेही वाचले. पण दाभोळला पोचेपर्यंत लवूचा हात काळा पडला होता. डॉक्टरांनी तो मनगटापासून काढला.

परत आल्यावर केरू घरी गेला नाही. तो सरळ बाजारात गेला आणि त्याने मला गंगारामच्या चाकासमोर टाकले. गंगारामने माझी दुमडलेली धार पाहिली. शेजारच्या माणसाने काय झाले ते त्याला सांगितले. गंगाराम तसाच उठला, चाक उघड्यावर सोडून, आणि मला घेऊन गोदूबाईपुढे जाऊन उभा राहिला.

"काकी, माजं काय चुकलं?"

गोदूबाईने त्याला शिव्या दिल्या नाहीत. माझी धार त्याला दाखवून तिने विचारले, "निळं झालं तवा बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"मग पुसलं," गंगाराम म्हणाला आणि खाली बसून दोन्ही हातांत तोंड झाकून रडू लागला.

ती त्याला रडू देत बसली. मग म्हणाली, "भाता ओढता येतो तुला?"

सहा वर्षांनी गोदूबाईने भट्टी पेटवली. भावाच्या परसात, चार जांभे दगड रचून. गंगाराम भाता ओढत होता. तिने मला लाल केले, पाण्यात बुडवले, पुन्हा शेकले, आणि प्रत्येक रंग त्याला बोट ठेवून दाखवला. मग आठ दिवस त्याच्याकडूनच मला दगडावर घासून घेतले, पाणी शिंपडत. पात्याचा जळलेला काठ झिजून गेला. मी पूर्वीपेक्षा अर्धे बोट अरुंद झाले, पण माझे पाणी परत आले. गंगारामच्या चाकावर त्या दिवसापासून पाण्याचे मडके टांगलेले असते, आणि तो घाईचे काम घेत नाही.

मी बरी झाले. लवूचा हात मात्र कोणी घासूनपुसून परत आणणार नव्हते.

केरूने मला लवूच्या घरी नेऊन दिले. "ही तुमच्यापाशी ठेवा," एवढेच म्हणाला. लवूने हात पुढे केला नाही. विमलाने मला घेऊन ओटीवरच्या खुंटीला अडकवले, आणि तिथे मी पुरती दोन वर्षे राहिले. समोर लवू डाव्या हाताने जगायला शिकत होता. नारळ गुडघ्यांत धरायचा, सुपारी दाताने फोडायची, धोतराची गाठ मारायला विमलाला हाक मारायची. मला आता धार होती आणि खाली उतरता येत नव्हते.

दर पौर्णिमेला केरू येई. मला काढी, ओटीवर बसून पाणी शिंपडत दगडावर घाशी, तेल लावी आणि पुन्हा टांगून ठेवी. लवू भिंतीला टेकून समुद्राकडे बघत बसे. दोघे एक शब्द बोलत नसत. महिनाभर मी काहीच कापलेले नसे, तरी केरू मला घाशी. कामाने झिजणे मला माहीत होते. हे झिजणे वेगळे होते. दर महिन्याला माझा एक पापुद्रा जाई आणि केरूचे दुःख मात्र तेवढेच राही. मला सांगावेसे वाटे, अरे, पुरे.

एका पौर्णिमेला लवूच बोलला.

"किती घाशील रे? घासून हात येतो काय?"

केरूचा हात थांबला. मान खालीच होती.

"आन हिकडं."

लवूने मला डाव्या हातात घेतले. सुपारी पायाच्या अंगठ्याखाली दाबून त्याने मला तिच्यावर टेकवले. सुपारी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी त्याने जोर लावला, सुपारी घरंगळली आणि मी त्याच्या पायाच्या अंगठ्यात खोल गेले. रक्त आले. मित्रांनो, बोथट होते तेव्हा त्याला सोडवता आले नाही, आणि धारदार झाले तेव्हा त्याला वाचवता आले नाही. दोन्ही वेळी माझ्या हातात काहीच नव्हते.

केरू घाबरून पुढे झाला. विमला आतून धावत आली. लवू अंगठ्याकडे पाहत होता, आणि एकदम तो हसू लागला. दोन वर्षांत त्या घरात कोणी तसे हसले नव्हते.

"अगो विमले, बघ!" तो म्हणाला. "कापते की ही मेली!"

मग केरूही हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. विमलाने हळद आणून अंगठ्यात भरली. त्या संध्याकाळी लवूने ती सुपारी शेवटी फोडलीच आणि अर्धी केरूच्या हातावर ठेवली.

आता मी खुंटीवर नसते. लवू माझ्याने माडाच्या झावळ्यांचे हीर काढतो आणि विमला त्यांच्या केरसुण्या बांधते. काम हळू चालते.

मित्रांनो, तुमच्या घरात सुरी असेल, विळी असेल, कोयती असेल. ती तुम्हाला हाक मारणार नाही. गंज चढला तरी ती गप्प राहील, चुकीच्या हाती गेली तरी चकाकत गप्प राहील. ज्या दिवशी तिचे काहीच काम नाही, त्याच दिवशी तिला हातात घ्या, पाणी शिंपडा आणि सावकाश धार लावा. गरजेच्या दिवशी वेळ नसतो. आणि ज्याला धारेतले कळते असा कोणी म्हातारा किंवा म्हातारी "ही नेऊ नको" म्हणाली, तर ओहोटी चुकली तरी चालेल, पण तेवढे थांबा.